चंद्रभानभाऊंची शिफारस

भावना तायडेची सगळी तयारी झाली होती. प्रवेश परीक्षेत गुण चांगले पडले होते, बंगळुरूच्या बिझनेस स्कूलचा फॉर्म भरून झाला होता, "तुम्हाला एमबीए का करायचंय" या विषयावरचा निबंध चार वेळा लिहून पाचव्यांदा खोडून सहाव्यांदा जमला होता. राहिली होती एकच गोष्ट, आणि ती तिच्या हातातली नव्हती. सध्या जिथे नोकरी आहे तिथल्या वरिष्ठांचं शिफारसपत्र हवं होतं.

तिचे वरिष्ठ म्हणजे चंद्रभान काळमेघ. अकोल्याच्या एमआयडीसीत त्यांची तुरीची दाळ मिल होती आणि भावना तिथे चार वर्षांपासून मालाची तपासणी आणि गाड्या रवाना करण्याचं काम पाहत होती. भाऊ स्वभावाने चांगले, पण त्यांना एक खोड होती. कागदावर खोटं म्हणून लिहायचे नाहीत. तोंडाने एखादवेळी "गाडी निघाली" म्हणतील, गाडी फाटकातच उभी असेल. पण लेखी द्यायचं म्हटलं की त्यांचा हात आखडायचा. एकदा तर नांदेडच्या व्यापाऱ्याला त्यांनी स्वतःच्या सहीने कळवलं होतं की हा माल मध्यम आहे, घाई नसेल तर पुढच्या आठवड्यातला घ्या. व्यापाऱ्याला वाटलं, भाऊंची तब्येत बरी नसावी. त्याने फोन करून चौकशी केली.

अशा माणसाकडे शिफारस मागायची म्हणजे भावनाला धाकधूक होतीच. दुपारी चहा झाल्यावर ती त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं.

भाऊंनी ऐकून घेतलं. "म्हंजे तू चालली."

"आता कुठं भाऊ. आंधी त्यायनं घेतलं पायजे."

"मी चिठ्ठी लिहिली त घेतीन. नाही लिहिली त?"

"त मंग या वर्षी राहीन. पुढच्या वर्षी पुन्हा तुमालेच मागीन."

भाऊंनी पंख्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा हेच बोलणं करावं लागेल, ही कल्पना त्यांना पसंत पडलेली दिसली नाही. "पाठव तो फॉर्म," ते म्हणाले. "पन मी जे हाय तेच लिहीन."

"तेच लिहा," भावना म्हणाली. बाहेर आल्यावर तिला वाटलं, थोडं कमी ठासून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली अडचण ईमेलची निघाली. बिझनेस स्कूलचं म्हणणं, शिफारस कंपनीच्या पत्त्यावरूनच आली पाहिजे आणि उमेदवाराने ती पाहता कामा नये. मिलचा ईमेल उघडला होता भावनाने, पासवर्डही तिच्याचकडे. भाऊंनी नियम वाचला आणि म्हणाले, "म्हंजे तुले यातून भाईर काढा लागते." त्यांनी स्वतः नवा पासवर्ड घातला. दुसऱ्या दिवशी तो त्यांना आठवेना. सोलापूर, हैदराबाद, नाशिक, सगळ्यांच्या ऑर्डरी त्याच पत्त्यावर यायच्या, त्यामुळे सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत मिलमधून दाणा हलला नाही. भाऊंनी नातवंडांची नावं, लग्नाची तारीख, पहिल्या बैलजोडीचं नाव, सगळं घालून पाहिलं. शेवटी त्यांची सून सीमा मदतीला आली. ती कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही मराठीत टाइप केला होता का?" केला होता. 'कोणालेसांगूनको' असा तो पासवर्ड होता, आणि आता तो सगळ्या ऑफिसला कळला असल्यामुळे पुन्हा बदलावा लागला.

त्यानंतर चार दिवस भाऊ रोज जेवणानंतर सीमाने छापून दिलेला प्रश्नांचा कागद घेऊन बसायचे. त्यांनी उत्तरं मराठीत लिहायची आणि सीमाने ती इंग्रजीत करून पाठवायची, असं ठरलं होतं. भावना काचेपलीकडून पाहायची. भाऊंना लिहिताना ओठ हलवायची सवय होती, त्यामुळे तिने मुद्दाम खुर्चीची दिशा बदलून घेतली. नियम म्हणजे नियम. तरी मान वळायचीच.

तिसऱ्या दिवशी भाऊंनी तिला हाक मारली. "भावना, आत ये. दार लाव."

ती आत गेली. भाऊ उभे होते, चेहरा गंभीर.

"गाडीवाल्यायसंग बोलतानी तुहा आवाज लय चढते," ते म्हणाले.

भावना चपापली. चार वर्षांत भाऊ तिला असं कधी बोलले नव्हते. "काय झालं भाऊ? कोनी तक्रार केली का?"

"कोनी नाही केली. मी करून राहिलो."

"आवाज चढते, कारन नाही चढवला त गाडी दोन दिवस धाब्यावर उभी राह्यते. अन् तुमीच त म्हनता, भावना, तू लाव फोन, माह्यं ऐकत नाहीत."

"हं." भाऊ खाली बसले आणि कागदावर लिहू लागले. ओठ हलत होते. "टीका केली... राग नाही आला... उलट उत्तर देल्लं... उत्तर बरोबर होतं..."

"भाऊ, तुमी काय करून राहिले?"

"अथी इचारलं हाय, उमेदवारावर टीका केल्याचा एक प्रसंग सांगा, अन् तिनं ते कसं घेतलं ते सांगा. माह्यापाशी प्रसंगच नोता. मंग लिहू काय?" त्यांनी कागद उलटा केला. "जाय आता. तुले हे समजाले नाही पायजे."

भावना बाहेर आली तेव्हा तिला हसू येत होतं, आणि धास्तीही वाटत होती. जो माणूस एका प्रश्नासाठी आधी प्रसंग घडवून आणतो, तो बाकीच्या उत्तरांत काय करेल?

चौथ्या दिवशी त्यांनी केबिनच्या दारातूनच विचारलं, "आपल्या मिलमंधी पक्के मानसं किती?"

"मले धरून दहा. तुमाले धरलं त अकरा."

"अकरा धरू," असं म्हणून ते आत गेले. संध्याकाळी सीमाने पत्र पाठवलं. जाता जाता ती भावनाजवळ थांबली, काहीतरी बोलणार होती, मग नुसतीच "ऑल द बेस्ट" म्हणाली. तो "ऑल द बेस्ट" भावनाला काही आवडला नाही.

महिनाभराने मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत ऑनलाइन होती. अकोल्यातल्या तिच्या खोलीवर रेंज धड नव्हती, म्हणून आदल्या दिवशी ती अमरावतीला घरी आली. वडील मोतीराम एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. आई ललिता अंगणवाडीत. नोकरी सोडून दोन वर्षं पुन्हा शाळेत बसायचं, हे मोतीरामांना पटलेलं नव्हतं. पण मुलाखत आहे म्हटल्यावर त्यांनी सकाळीच फाटकाला कडी लावली, कुकरची शिट्टी काढून खिशात ठेवली आणि खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, गाडी सुटायच्या आधी कंडक्टर दारात उभा राहतो तसे.

पडद्यावर दोघं होते. एक चष्मेवाल्या प्राध्यापिका आणि एक मोठ्या कंपनीतला माजी विद्यार्थी. बोलणं इंग्रजीत होतं. पहिली दहा मिनिटं भावनाने पाठ केलेली उत्तरं नीट दिली. मग प्राध्यापिकाबाईंनी एक कागद उचलला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आम्ही शिफारस करणाऱ्याला विचारतो की हा उमेदवार तुमच्या माणसांमध्ये पहिल्या एक टक्क्यात बसतो, पाच टक्क्यांत की दहा. सगळे एक टक्क्यावर खूण करतात. तुमच्या मालकांनी कशावरच खूण केलेली नाही. त्यांनी लिहिलंय, आमच्याकडे अकरा माणसं आहेत, अकरात एक टक्का कसा काढायचा ते मला कळलं नाही. भावना दुसरी आहे. पहिला डोमाजी." त्यांनी वर पाहिलं. "हे डोमाजी कोण?"

भावनाचे कान तापले. चार वर्षं. सुटीच्या दिवशीही फोन उचलला, तापात असताना गाड्या भरून दिल्या, आणि हा माणूस लेखी देतो की दुसरी. क्षणभर तिला वाटलं, सांगावं की आमचे मालक जरा जुन्या वळणाचे आहेत. ते सांगणं सोपं होतं, आणि समोरच्या दोघांना पटलंही असतं. पण डोमाजीचं नाव घेऊन तसं बोलायला तिची जीभ उचलेना.

"डोमाजी आमचे मुकादम आहेत," ती म्हणाली. "आणि ते पहिले आहेत, हे बरोबर आहे."

"का?"

मग तिने सांगितलं. नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांत तिने मिलमध्ये ओलावा मोजायचं यंत्र आणवलं होतं. त्याआधी डोमाजी तुरीचा दाणा दाताखाली धरून सांगायचा, वाळली की नाही. एकदा बाळापूरहून तूर आली. यंत्राने सांगितलं, कोरडी. डोमाजीने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मधला दाणा काढून चावला आणि म्हणाला, पोटात ओली आहे. भावनाने यंत्राचं ऐकलं. आठ दिवसांनी गोदामाचं दार उघडलं तर आंबूस वास आला.

"म्हणजे यंत्र चुकलं," माजी विद्यार्थी म्हणाला.

"यंत्र बरोबर होतं. मी दाणे पोत्याच्या तोंडाशी घेतले होते. त्यांनी मधून घेतले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पोत्याचा दाणा वरून, मधून आणि तळातून घेतो, आणि ती पद्धत लिहून भिंतीला लावली आहे. लिहिली मी. सांगितली त्यांनी. ते मला त्या दिवसाबद्दल आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत."

माजी विद्यार्थ्याने खुर्चीत मागे रेलून विचारलं, "मग आम्ही डोमाजींना का घेऊ नये?"

"तुम्ही घेऊ शकत नाही. ते चौथी शिकले आहेत, तुमच्या फॉर्मला पदवी लागते." एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण वऱ्हाडी माणसाला मध्येच थांबता येत नाही. "आणि घेतलंत तरी ते येणार नाहीत. दोन वर्षं नुसतं बसून ऐकायचं, हे त्यांना जमणार नाही."

प्राध्यापिकाबाई मोठ्याने हसल्या. त्यापुढची वीस मिनिटं तूर, पोती, गाड्या आणि डोमाजी यांच्यातच गेली. निबंधात ज्यांच्यावर सहा वेळा मेहनत घेतली होती त्या उद्दिष्टांबद्दल कोणी विचारलंच नाही.

भावना दार उघडून बाहेर आली. मोतीराम खुर्चीतून उठले.

"हा डोमाजी कोन होय?"

"आमच्या मिलमधले मुकादम. काहून?"

"बाकी त काही समजलं नाही, पन नाव मातर पूर्न टाइम त्याचंच आयकू आलं. इंटरव्ह्यू तुहा होता का त्याचा?"

आतून ललिता म्हणाली, "आंधी शिट्टी द्या खिशातली. वरन कच्चं राह्यलं."

सोमवारी भावना अकोल्याला पोचली ती तडक केबिनमध्ये. दार तिनेच लावलं.

"दुसरी, भाऊ?"

भाऊंनी चष्मा काढला. "सांगतलं वाटते त्यायनं. मले त म्हने गुपित राह्यते."

"चांगलं पत्र मागतलं होतं मी तुमाले."

"मंग चांगलंच देल्लं. आता तूच सांग, तू डोमाजीच्या पुढं हाय का?"

भावनाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"हां," भाऊ म्हणाले. "मलेबी लिहितानी असंच झालं. अर्धा घंटा पेन हातात घेऊन बसलो. तुले पयली लिहा वाटे, पन लिहिता ये ना."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की भावनाचा राग जागच्या जागी निवला. तरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, "अन् तिसरा कोन?"

"तिसरा मी," भाऊ म्हणाले आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चवथ्याचं इचारू नको, चवथ्यापासून मी नंबर लावलेच नाही."

एप्रिलच्या शेवटी निकाल आला. तिला घेतलं होतं, फीचा मोठा भाग माफ करून घेतलं होतं. ललिताने अंगणवाडीतल्या पोरांना पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी मोतीराम डेपोत गेले आणि जुन्या सहकाऱ्यांना बंगळुरूला जायला कोणती गाडी बरी, ते विचारून आले. भावनाने तिकीट आधीच काढलं होतं. तिने ते सांगितलं नाही, कागदावर त्यांनी लिहून आणलेली गाड्यांची नावं शांतपणे वाचली.

मिलमध्ये तिच्या जागेसाठी माणूस शोधणं सुरू झालं. तीन जण येऊन गेले. एकाला पोत्यांच्या धुळीने शिंका आल्या, एकाला रविवार हवा होता, तिसरा, किशोर नावाचा अंजनगावचा मुलगा, बरा वाटला पण फोनवर इतका हळू बोलायचा की ट्रकवाले "कोन? कोन?" करत फोन ठेवून द्यायचे. त्यालाच ठेवून घेतलं, पण भावना हवालदिल झाली. जायला दहा दिवस राहिले होते. ती भाऊंना म्हणाली की मी शाळेला कळवते, आठवडाभर उशिरा येते म्हणून, निदान किशोरला तरी तयार करून जाते.

"काही कळवू नको," भाऊ म्हणाले. "तू यायच्या आंधीबी ही मिल चालूच होती."

"कशी चालायची ते पाह्यलं हाय मी."

"वाईट चाले. पन चाले." मग ते म्हणाले, "जाय तू, बाई. मी करीन फोन त्या गाडीवाल्यायले."

भावना आपल्या टेबलाशी आली. किशोर वही उघडून बसला होता. तिने त्याच्यासमोर फोन ठेवला, हैदराबादच्या गाडीवाल्याचा नंबर लावून दिला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"हं, बोल," ती म्हणाली. "अन् पोटातून बोल."