हवालदारबाई आडव्या झाल्या

साथीच्या वॉर्डातल्या मुख्य सिस्टरला पेशंट हवालदारबाई म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. पीपीई किटच्या आत ती नखशिखांत झाकलेली असे. दिसत ते फक्त डोळे, आणि ते ती असे काही वटारायची की ऑक्सिजनचा मास्क काढून बसलेला आडदांड माणूससुद्धा निमूटपणे तो परत नाकावर चढवायचा.

पहिल्या लाटेत तिच्या इमारतीतल्या लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या लाटेत त्याच लोकांनी तिला लिफ्ट सोडून जिन्याने जायला सांगितलं. तिसरी लाट येईपर्यंत ती इतकी थकली होती की जिन्यातच बसकण मारून डुलक्या काढायची आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा तिला ओलांडून जायचे.

आपण थकलो आहोत हे तिच्या गावीही नव्हतं. कळत होतं ते घरच्यांना. सासूबाईंनी हाक मारली की ती विचारी, "कितवा बेड?" मुलीने परीक्षेचा निकाल लागल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "निगेटिव्ह आहे ना? मग सुटलीस." एकदा मिठाचा डबा रिकामा निघाला म्हणून ती ओट्याशी उभी राहून हमसाहमशी रडली. नवरा एवढा घाबरला की धावत जाऊन पिशवीभर मीठ घेऊन आला. ते पाहून ती आणखीनच रडली, कारण आता एवढं मीठ ठेवायचं कुठे?

मेट्रनकडे रजा मागायला ती एकदा गेली होती. मेट्रन म्हणजे सगळ्या सिस्टरांची मोठी सिस्टर. त्या टेलिफोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने डोकं दाबत बसल्या होत्या. "रजा?" त्या म्हणाल्या, "कुठे मिळते गं? मिळाली तर मलाही एक घेऊन ये." विषय तिथेच संपला.

व्यवस्थापनाने काहीच केलं नाही असं मात्र नाही. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी व्याख्यान ठेवलं. ते ऐन जेवणाच्या सुट्टीत असल्याने कोणालाच जेवता आलं नाही. पडद्यावरचे गृहस्थ डोंगराच्या चित्रापुढे बसून म्हणाले, "आता सगळ्यांनी डोळे मिटा." सगळ्यांनी मिटले. पुढे ते काय बोलले ते कोणालाच ठाऊक नाही. शेवटी सफाईवाल्या मामांनी एकेकाला हलवून उठवलं.

तर त्या दिवशी सकाळची पाळी संपवून सिस्टर किटमधून बाहेर पडली. घामाने निथळत होती. आंघोळ केली, कपाट उघडलं, तर धुतलेला युनिफॉर्म नाही. धोबीखान्यातलं मशीन बंद पडलं होतं. मग तिने पेशंटला देतात तो फिक्या निळ्या रंगाचा सैल सदरा आणि पायजमा चढवला, वर साधा मास्क लावला. दुपारच्या पाळीची सिस्टर स्वतःच तापाने पडली होती, म्हणजे दुपारही हिच्याच गळ्यात होती. मधे थोडा वेळ होता. तेवढ्यात बऱ्या झालेल्यांच्या खोलीत चादरी देऊन यावं म्हणून ती निघाली.

ही खोली म्हणजे हॉस्पिटलातली एकमेव सुखाची जागा. ज्यांचा आजार गेला, जे एक-दोन दिवसांत घरी जाणार, ते तिथे असत. खिडकीतून ऊन येत होतं. कोपऱ्यातला पलंग नुकताच रिकामा झाला होता. सिस्टरने त्यावर नवी चादर घातली, सुरकुती काढायला हात फिरवला, आणि हात फिरवता फिरवता टेकली. नुसती टेकली. पुढचं तिला आठवत नाही.

जाग आली तेव्हा तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलेलं होतं आणि समोर नवा डॉक्टर उभा होता. तो त्याच आठवड्यात रुजू झाला होता. त्याने हिला आत्तापर्यंत फक्त किटमध्ये पाहिलं होतं, म्हणजे पाहिलंच नव्हतं. अजून त्याच्या अंगात इतका उत्साह होता की तो प्रत्येक पेशंटला सगळं विचारायचा.

"ऑक्सिजन छान आहे, ताई. काय होतंय?"

'मी पेशंट नाही' हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला 'काय होतंय' असं विचारून उत्तरासाठी थांबलेला माणूस तिने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. ती म्हणाली, "थकवा आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या लाटेपासून."

"बाप रे! झोप?"

"लागते. पण उभ्यानेच."

"स्वप्नं वगैरे?"

"पडतात ना. सलाईन संपल्याची."

डॉक्टरने मान हलवली. बिचारीने आजारात फार सोसलेलं दिसतंय. "काम काय करता?"

आयुष्यात खोटं न बोललेली ती बाई छताकडे बघत म्हणाली, "एका ठिकाणी माणसांची देखभाल करते."

"आणि ते लोक तुम्हाला रजा देत नाहीत? माणसं आहेत का कोण?"

"बाई चांगल्या आहेत हो. पण त्याही थकल्यात."

"ते काही नाही. तुम्ही या पलंगावरून हलायचं नाही. हललात तर हवालदारबाईंना सांगेन. पाहिलंत ना त्यांना? फार कडक काम आहे म्हणे."

"हो, ऐकून आहे," सिस्टर म्हणाली. डॉक्टरने तिच्यासाठी सूप मागवलं आणि तो पुढच्या पेशंटकडे वळला.

सूप आलं. गरम होतं! सिस्टरने हॉस्पिटलातलं सूप गरम असताना कधी प्यायलंच नव्हतं. ती घोट घोट पीत असताना शेजारच्या पलंगावरच्या भाजीवाल्या काकू तिच्याकडे वळल्या. काकूंचा आवाज बाजारात कमावलेला. तीन आठवडे त्या हिच्याच वॉर्डात होत्या.

"तूही त्या हवालदारिणीच्या तावडीतून सुटून आलीस का गं, पोरी?"

सिस्टर ठसकली. "का? काय करते ती?"

"काय करत नाही ते विचार! पालथं झोपा म्हणते. उताणी वळले की ही हजर. मी म्हटलं, अगं बाई, मी काय तव्यावर आहे? तर म्हणते कशी, काकू, तव्यावरच आहात, करपू नका." काकू स्वतःच खो खो हसल्या. मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "पण एकदा मला श्वासच घेता येईना. तेव्हा हीच माझा हात धरून बसली होती. मेले नाही म्हणून डोळे उघडून बघते, तर बसल्या बसल्या हिचीच मान कलंडलेली. झोपलेली, पण हात सोडला नव्हता. मला वाटलं, आता या पलंगावर मी हिला निजवते आणि मी उठून ड्यूटी करते."

सिस्टरने वाटी खाली ठेवली आणि चादर नाकापर्यंत ओढून घेतली. डोळे भरून आलेले काकूंना दिसू नयेत म्हणून.

इतक्यात खिशातला फोन वाजला. नवरा होता. "अगं, मशीनमध्ये साबणाची पावडर नक्की कुठल्या खणात घालायची?"

"अहो, मी ॲडमिट आहे," ती चादरीच्या आतून कुजबुजली आणि फोन ठेवून दिला. आपण काय बोलून बसलो हे तिला त्यानंतर कळलं.

पाऊण तासाने नवरा हॉस्पिटलच्या फाटकाशी आरडाओरडा करत होता, सासूबाई रिक्षात बसून होत्या, आणि मेट्रन सगळ्या मजल्यांवर हिला शोधत फिरत होत्या. शोधता शोधता त्या बऱ्या झालेल्यांच्या खोलीत शिरल्या.

"आमची सिस्टर पाहिलीत का कोणी?"

"मॅडम, हळू!" नवा डॉक्टर आडवा आला. "ही पेशंट आत्ताच निजलीय. अतिश्रमाची केस आहे. काम करते तिथली बाई म्हणे रजाच देत नाही. अशा लोकांवर खरं तर कारवाई झाली पाहिजे."

मेट्रननी डॉक्टरच्या खांद्यावरून कोपऱ्यातल्या पलंगाकडे पाहिलं. चादरीच्या वर फक्त दोन डोळे दिसत होते. घाबरून ते आपोआप वटारले गेले.

काकू ताडकन उठून बसल्या. "अगं बाई! हवालदारबाई!"

सिस्टर घाईघाईने उठायला लागली. "मॅडम, चुकलं माझं. पाचच मिनिटं टेकले होते, जाते वॉर्डात."

डॉक्टरचे कान लाल झाले होते. पण तो बाजूला झाला नाही. "मॅडम, मी ओळखलं नाही, ते चुकलंच. पण पेशंट ओळखीची निघाली म्हणून आजार बरा होत नाही. मी विश्रांती सांगितलीय. ती मी मागे घेणार नाही."

मेट्रन तिथल्या स्टुलावर बसल्या आणि उरलेलं सूप उचलून त्यांनी एका दमात संपवलं. बहुधा सकाळपासून पोटात काही नसावं.

"झोप," त्या वाटी खाली ठेवत म्हणाल्या. "चार दिवस इकडे फिरकू नकोस. वॉर्ड मी बघते."

"तुम्ही? किट घालून?"

"का? मी काय जन्मतःच मेट्रन होते?"

"या की, हवं तर हाही पलंग घ्या," काकूंनी आपल्या पलंगावर थाप मारली. "मी उद्या जाणारच आहे." यावर सगळी खोली हसली, मेट्रनसुद्धा.

घरी सिस्टर दोन दिवस झोपली. नवरा मधूनमधून येऊन तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचा. सासूबाईंनी घरात कुजबुजायचा नियम काढला आणि तो स्वतःच सर्वांत मोठ्याने सांगत राहिल्या. तिसऱ्या दिवशी ती उठली, भूक लागली म्हणाली, आणि मुलीला विचारलं, "तुझा निकाल काय लागला गं?" मुलीने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, गुणांसकट.

साथ काही लगेच संपली नाही. सिस्टर परत गेली तेव्हा वॉर्ड तेवढाच भरलेला होता. पण चार दिवस किटमध्ये उकडून निघालेल्या मेट्रन सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या होत्या. काय बोलणं झालं ते माहीत नाही. दाराबाहेरच्या शिपायाला साहेबांचा आवाज एकदाही ऐकू आला नाही, एवढंच तो सांगतो. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुली मदतीला आल्या आणि एकेकाला आळीपाळीने रजा मिळू लागली.

सर्वांत शेवटी पाळी आली मेट्रनची. त्या घरी गेल्या आणि दर थोड्या वेळाने वॉर्डात फोन करू लागल्या. ऑक्सिजन आला का, औषधं पोचली का, खिडकीचा बोल्ट लावला का. सिस्टरने सुरुवातीला सगळ्याची नीट उत्तरं दिली. संध्याकाळी मात्र तिने फोनसमोरही डोळे वटारले.

"मॅडम, तुम्ही आडव्या आहात का?"

पलीकडून उत्तर आलं, "बसलेय."

"मग आधी आडव्या व्हा. आणि यापुढे तुमचा फोन आला तर मी उचलणार नाही."

फोन पुन्हा आला. सिस्टरने उचलला नाही.