दुसऱ्या बाकावरचं हेल्मेट

"मी ठरवणार नाही," कोच फिंच म्हणाले आणि ओल्या बुटाची नाडी सोडत बसले. "संघ तुमचा, नियमही तुमचाच. हेल्मेटं ठेवा."

मध्यंतर झालं होतं. शाळेच्या कुस्तीच्या खोलीत आम्ही सगळ्याजणी धापा टाकत बसलो होतो. पेटके येऊ नयेत म्हणून काकडीच्या लोणच्याचं पाणी घोट घोट फिरत होतं, आणि खोलीभर त्याचाच वास. बेल्फोर्टच्या बायका सहा, आम्ही शून्य. हा सामना जिंकला तर फायनल. अकरा वर्षांत पोर्ट हॅलमच्या बायकांनी फायनलचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि आज मैदानावर अर्धं गाव लोटलेलं. एरवी आमच्या सामन्याला नवरे, आया आणि दोन-चार कुत्री एवढेच प्रेक्षक असतात.

ठरवायचं काय होतं, ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. लोरेनला बसवायचं की नाही, एवढंच.

लोरेन कोवाच आमची क्वार्टरबॅक. मी मधली. म्हणजे मी वाकून चेंडू पायांमधून मागे द्यायचा, लोरेनने तो घ्यायचा, आणि मग लांब फेकायचा की धावणारीच्या पोटात खुपसायचा हे तिनं ठरवायचं. बाकीच्यांनी मार खायचा. हा उद्योग आम्ही दोघी पहिल्या दिवसापासून करत आलो. आठवडाभर मी सुपरमार्केटात केकवर गुलाब काढते आणि लोरेन शाळेची पिवळी बस चालवते. सोमवारी बसमधली पोरं आधी हेच विचारतात, जिंकलात का? हरलो असलो की त्या दिवशी बस जरा जोरात वळते म्हणे.

हा संघ तिनंच काढला. गावातल्या कपडे धुण्याच्या दुकानात चिठ्ठी लावली होती, 'बायकांना फुटबॉल खेळायचंय का? सॉकर नव्हे, खरं, हेल्मेटवालं.' मी गेले ती केवळ हसायला म्हणून. परत आले ती खरचटलेले दोन्ही कोपर घेऊन, आणि इतकी खूश की रात्रभर झोप नाही. हेल्मेटांचा नियमही लोरेनचाच. पहिला कोच फार गुर्मीत वागायला लागला तेव्हा तिनं दोन बाकं मांडली आणि म्हणाली, त्याला ठेवायचं असेल तर हेल्मेट या बाकावर, घालवायचं असेल तर त्या. सगळ्यांदेखत, लपवाछपवी नाही. तेव्हापासून मोठं काही ठरवायचं झालं की बाकं मांडतात.

आज ती बाकं तिच्याचसाठी मांडली होती.

तिचा उजवा खांदा गेला होता. वसंतातच गेला होता, पण कुणी विचारलं तर म्हणायची, रात्री वाकडी झोपले. आज मात्र सगळ्या गावानं पाहिलं. आमची एक पोरगी सगळ्यांना चुकवून पार पुढे एकटी निघून गेली, आसपास चिटपाखरू नाही. लोरेननं जीव खाऊन चेंडू फेकला आणि तो त्या पोरीच्या कितीतरी अलीकडे गोळी लागलेल्या बदकासारखा पडला. प्रेक्षकांतून जो 'अरेरे' आला ना, तो अजून माझ्या कानात आहे.

आणि लोरेनच्या जागी उतरायला तयार, मैदानाच्या कडेला जनेल ऑडम बसलेली. वय तेवीस, गोदामात कामाला, कॉलेजात बास्केटबॉल खेळलेली. हात असा की फेकलेला चेंडू झेलताना बोटं झिणझिणतात. हिवाळ्यात ती आली तेव्हा तिला पहिल्यांदा चेंडू धरायला लोरेननंच शिकवलं होतं.

"मला काही बोलायचंय," लोरेन उभी राहिली. आता ही मोठ्या मनानं म्हणणार, पोरीला खेळू द्या, असं आम्हाला वाटलं. कसलं काय. "मला खेळायचंय," ती म्हणाली. "वारा पडला की माझा हात चालेल. मी या संघासाठी काय केलं ते मी सांगणार नाही, तुम्हाला माहीत आहे. मला एकदा फायनलला जायचंय, आणि मला स्वतःला न्यायचंय. झालं." आणि तिनं आपलं हेल्मेट पहिल्या बाकावर, स्वतःच्या बाजूला, ठाण्‌कन ठेवलं.

मला मनातून बरं वाटलं. लोरेन लोरेनसारखीच वागली.

मग एकेक बाई उठायला लागली. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. आमची मार्टा सालिनास, दातांच्या डॉक्टरांकडे काम करते आणि आमच्यासाठी लाथेनं चेंडू मारते, ती ढसाढसा रडत गेली आणि हेल्मेट दुसऱ्या बाकावर, जनेलच्या बाजूला ठेवून आली. जनेल उठली. थेट लोरेनच्या बाकाकडे गेली, आणि आपलं हेल्मेट लोरेनच्या हेल्मेटाशेजारी ठेवलं.

"हे काय?" लोरेननं विचारलं.

"मिस लोरेन, तुमच्यासमोर मी कशी..."

"तुला खेळायचं नाही?"

"खेळायचंय."

"जिंकशील असं वाटतं?"

जनेल जमिनीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हो. वाटतं."

"मग उचल ते. मला भीक नको. तिकडे ठेव."

जनेलनं हेल्मेट उचललं आणि दुसऱ्या बाकावर नेऊन ठेवलं. बाकं बघितली तर दोन्ही सारखी भरलेली, आणि हेल्मेट हातात घेऊन उभी फक्त मी. मुद्दामच मागे राहिले होते. वाटलं होतं, तोवर निकाल लागेल आणि माझ्या हेल्मेटाला काही किंमत उरणार नाही. आता सगळा संघ माझ्याकडे बघत होता, आणि लोरेन तर हसतच होती. तिला माझी खात्री होती.

खोटं कशाला सांगू, मला फायनल हवी होती. माझेही गुडघे काही नवे नाहीत. आणि तो अलीकडे पडलेला चेंडू मीही पाहिला होता. पहिल्या बाकावरून पुढे गेले आणि दुसऱ्यावर हेल्मेट ठेवलं.

लोरेन डोक्यावरून खांद्याचं चिलखत ओढून काढायला लागली. ते एका हातानं निघेना, तरी कुणाला हात लावू दिला नाही.

मैदानावर परत आलो आणि मी माती खाल्ली. जनेल 'सेट' म्हणायची, 'हट' म्हणायची, आणि 'हट'ला मी चेंडू मागे द्यायचा, एवढं सोपं. पण लोरेन दोन्हीच्या मध्ये एक मोठा श्वास घेते. माझी कंबर, माझे हात, सगळं त्या श्वासाला सरावलेलं. जनेलनं 'सेट-हट' एका दमात म्हटलं, सगळी रांग उसळली आणि मी आपली दगडासारखी वाकलेली. पंचांनी दंडाचा पिवळा रुमाल टाकला. पुन्हा तेच. पुन्हा रुमाल. बेल्फोर्टची समोरची बाई, हे मोठं धूड, मला म्हणाली, "आजी, झोप लागली का?"

कोचनी वेळ मागून घेतली. मी पाणी प्यायला कडेला गेले तर लोरेन शेजारी येऊन उभी राहिली. बघत होती दुसरीकडेच.

"बेव्ह," ती म्हणाली, "तू अजून माझी वाट बघतेयस."

मी बाटलीचं झाकण लावत राहिले.

"नको बघूस," ती म्हणाली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली.

मी डोळे पुसले, हेल्मेट घातलं आणि गेले. जनेलनं 'सेट-हट' म्हटलं आणि या खेपेला चेंडू तिच्या हातात असा बसला की टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. त्या बोलणाऱ्या धुडाला मी उचलून बाजूला केलं आणि म्हटलं, आजी उठली गं.

पुढचं काय सांगू. वाऱ्याच्या नाकावर टिच्चून ती पोरगी फेकत होती. प्रेक्षक बसायचं विसरले होते. दोनदा आम्ही त्यांच्या रेषेपर्यंत धडक मारली आणि दोनदा त्यांनी आम्हाला परतवलं. त्यांनाही एकदा आम्ही रेषेवर असं दाबलं की मला खालून फक्त पायच पाय दिसत होते. शेवटच्या मिनिटात चेंडू पुन्हा आमच्याकडे आला. जनेल उजवीकडे पळाली, दोघी तिच्या अंगावर, एकीनं कमरेला मिठी घातलेली, आणि तशी पडता पडता तिनं मैदानाच्या पार कोपऱ्यात चेंडू भिरकावला. तिथे आमची पोरगी होती. तिनं तो पोटाशी आवळला आणि रेषेपलीकडे लोळण घेतली.

सहा-सहा. मैदानाचं जत्रेचं मैदान झालं. मी कुणाला मिठ्या मारल्या देव जाणे, त्यात एक पंचही होता बहुतेक. आणि आता मार्टाची एक लाथ. चेंडू दोन खांबांमधून गेला की एक गुण, आणि फायनल.

तेवढ्यात सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. मार्टा लाथ मारणार, पण चेंडू धरणार कोण? मी लांबून मागे द्यायचा, कुणीतरी गुडघ्यावर बसून झेलायचा, जमिनीवर उभा करायचा आणि बोटानं धरून ठेवायचा. हे काम कायम लोरेनचं. जनेलनं ते कधी केलेलं नाही. कुणीच केलेलं नाही. मध्यंतरात बाकं मांडताना एवढी साधी गोष्ट एकीच्याही डोक्यात आली नव्हती.

कोच लोरेनकडे गेले, आणि बोलायला त्यांना शब्दच सापडेनात. लोरेन बसलेली, अंगात नुसता बनियन. चिलखत बाकाखाली.

"मागता येत नाही ना?" ती त्यांना म्हणाली.

"नाही येत," कोच म्हणाले.

मला वाटलं, ही नाही उठणार. मी असते तर उठले नसते. तिनं एकदा खांबांकडे बघितलं, मग वाऱ्यानं फडफडणाऱ्या झेंड्याकडे, आणि मग कडेला उभ्या जनेलला म्हणाली, "बघतेस काय? हात वर जात नाही माझा. घाल ते."

आमच्याकडे वेळ मागायची शेवटची एक संधी उरली होती, ती कोचनी घेतली. जनेलनं चिलखत तिच्या डोक्यावरून घातलं, तो दुखरा हात लहान बाळाचा अंगरख्यात घालावा तसा हळूच आत सरकवला, नाड्या आवळल्या. लोरेन दात खाऊन उभी होती. तेवढ्यातही पोरीला म्हणाली, "कोपऱ्यातली फेक चांगली होती. पण पाय चुकीचा होता." जनेल म्हणाली, "हो, मिस लोरेन."

मी वाकले आणि पायांमधून मागे बघितलं. उलटी लोरेन. गुडघा चिखलात, डावा हात पुढे पसरलेला. तिनं पंजा उघडला, मी चेंडू सोडला. नंतर मला समोरच्या दोघींनी आडवं केलं, त्यामुळे दिसलं काहीच नाही. मार्टाच्या बुटाचा दणका तेवढा ऐकला, आणि मग सगळं गाव ओरडलं.

मी चिखलातून तोंड वर काढलं तर सगळ्या मार्टाच्या आणि जनेलच्या अंगावर. लोरेन अजून तशीच गुडघ्यावर.

"गेला का?" तिनं विचारलं.

"ऐकू आलं नाही तुला?"

"ऐकलं. तू सांग."

"गेला," मी म्हटलं. "अगदी मधोमध." ती हसली, खरंखुरं हसली, आणि म्हणाली, "उठव मला, मूर्ख बाई."

मग दोन्ही संघांनी हात मिळवायला रांगा केल्या. आमच्या रांगेत पुढे क्वार्टरबॅक, मागे मी, ही रीत पहिल्यापासूनची. सवयीनं लोरेन पुढे जाऊन उभी राहिली, आणि मी तिच्या मागे. बेल्फोर्टची कप्तान हात पुढे करून येतच होती. लोरेननं इकडेतिकडे बघितलं, जनेलला दंडाला धरून आपल्या जागी उभी केली आणि स्वतः मागे चालायला लागली. आमच्या सगळ्या पोरींना ओलांडून, पाण्याच्या बाटल्या उचलणाऱ्या माणसाच्याही मागे. मीही तिच्याबरोबर निघाले.

"कुठे चाललीस?" ती म्हणाली. "तुझी जागा तिच्या मागे. जा."

मी गेले. जनेल पुढे आणि मी मागे असं हात मिळवत रांग संपवली आणि मग वळून बघितलं. बेल्फोर्टच्या बायका शेवटाला लोरेनपाशी पोचत होत्या. उजवा हात तिनं पोटाशी धरला होता. डावा पुढे करून ती एकेकीला म्हणत होती, छान खेळलीस.