जिला जागा मिळाली नाही

चाळीसपैकी एकोणचाळीस मुली कामाला लागल्या, असं सरकारी शिवणवर्गाच्या संचालकांनी सांगितलं आणि तपासनीस बाईच्या मनात पाल चुकचुकली. अठरा वर्षांच्या नोकरीत इतकं गोड उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं. वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. त्याच वर्गात तिची धाकटी बहीण पाच महिन्यांपासून जात होती. दुकानातली नोकरी सोडायला लावून तिनेच तिला तिथे घातलं होतं, आणि हे तिने कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं.

"सगळ्या कपड्यांच्या कारखान्यात आहेत. विचारा हवं तर," संचालक म्हणाले.

विचारा म्हणणाऱ्याने आधीच पढवून ठेवलेलं असतं. म्हणून तिने शिकलेल्या मुलींना सोडलं आणि अर्ज करून जागा न मिळालेल्यांची यादी मागितली. संचालकांना ती सापडता सापडेना.

यादीतली पहिलीच बाई त्याच कारखान्यात निघाली, तीही मुकादम म्हणून.

"वर्गात घेतलं नाही, म्हणून थेट इथे आले," ती कॉलर उलटीसुलटी करून बघत म्हणाली. "पंधरा दिवसांत हात बसला. त्या मुली सहा महिन्यांनी आल्या. आता माझ्याच हाताखाली आहेत."

"पण शिकून आल्या ना?"

"कागदावर. दोरा न ओवता कागदावरच्या रेघेवर मशीनची सुई चालवायची. आठवडाभर ठीक आहे हो. पण तिथे कापडच येत नाही, मग सहा महिने तेच. इथे पहिल्यापासून शिकवावं लागतं."

म्हणजे नोकरी तशीही मिळत होती, वर्गाने नुसता उशीर केला. आणि कापडाच्या पैशांचं पाणी कुठेतरी मुरत होतं. तपासनीस बाईला संताप आला.

घरी धाकटी भाजी निवडत बसली होती.

"उद्यापासून वर्गाला जाऊ नकोस. सरळ कारखान्यात जा."

"परवाच जाऊन आले, ताई. नवीन बाई तिशीच्या आतली लागते म्हणे. मला गेल्या महिन्यात तीस पूर्ण झाली." धाकटीने मान वर केली नाही. "वर्गाचं प्रमाणपत्र असलं तर वय बघत नाहीत. एकच महिना राहिलाय."

तपासनीस बाई तिच्याशेजारी बसून भाजी निवडू लागली.

"अजून थोडी चौकशी बाकी आहे, असं कचेरीत कळवते," ती शेवटी म्हणाली. "महिनाभर सहज जाईल."

आपलाच आवाज तिला त्या संचालकांसारखा वाटला.