मांडीवर गणपती, रोह्याला कबड्डी

मागच्या वर्षी मी वर्गात ‘हजर’ म्हणायचे, ते बाजूच्या शकूलासुद्धा ऐकू जायचं नाही. यंदा मोकल सरांनी मला कबड्डीची कॅप्टन केलं आणि माझ्या तोंडाचं झाकणच उडालं. आईला पटवून केस कापले. एस.टी.च्या कंडक्टरकाकांना पटवलं, ते आता आमच्या जोहे गावाच्या थांब्यावर माझ्यासाठी एक मिनिट जास्त थांबतात. मी बोलायला लागले की समोरचा हो म्हणतो. बहुतेक वेळा.

म्हणून शुक्रवारी सर पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, “उद्याची रोह्याची गाडी रद्द झाली. दहाला मॅचची हजेरी आहे, एस.टी.नं वेळेत पोचणार नाही. नाव मागे घेऊ या,” तेव्हा सहाजणींचे डोळे भरले आणि मी म्हणाले, “सर, गाडी मी आणते!”

कुठून, ते मलाही माहीत नव्हतं. घरी पोचल्यावर कारखान्याच्या दारात गुणाकाकाचा टेम्पो दिसला. आमच्या गावात घरोघरी गणपती बनतात. काकाच्या कच्च्या, म्हणजे रंग न दिलेल्या मूर्ती दुसऱ्या दिवशी रोह्यालाच निघणार होत्या.

पण गुणाकाका आधी ‘नाय’ म्हणतो आणि मग प्रश्न ऐकतो. तेव्हा मी प्रश्न विचारलाच नाही. पॉलिश पेपर घेऊन एका बाप्पाचा कान घासायला बसले.

“काका, मागच्या खेपेला रोह्याचं गिऱ्हाईक काय बोललं?”

झालं! काकानं दोन्ही हात वर फेकले, डोळे वटारले. “काय बोलणार? चार मूर्तींची बोटं गेली, एकाची सोंड! भिसे खिंडीत रस्ता हाय का चाळण? पेंढा तरी किती घालू?”

“पेंढ्याला काय कळतंय खड्डा आला ते. माणसानं मांडीवर धरायला पायजे.”

“माणसं आणू कुठनं? सगळी डोलवीला कंपनीत.”

मी गप्प बसून कान घासत राहिले. हे गप्प बसणं माझा स्वतःचा शोध. समोरच्याला ते सहन होत नाही.

“तुझ्या त्या कबड्डीच्या पोरी,” काका हळूच म्हणाला, “धरतील का गो?”

“विचारून बघावं लागेल,” मी म्हणाले. देवाशपथ, असंच म्हणाले! “तशी उद्या मॅच पण रोह्यालाच आहे म्हणा.”

काकानं माझ्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं. “अस्सं! बरं. पण रंभे, एक बोट जरी तुटलं, तर तू मैदानात उतरायचं नाय. दे शब्द.”

“दिला!”

सकाळी रामवाडीला बाकीच्या चढल्या. पुढे काका आणि सर, मागे पेंढ्यात सातजणी, प्रत्येकीच्या मांडीवर सगळ्यात नाजूक असे दीड फुटी गणपती. नागोठणं येईस्तोवर आम्ही सातहीजणी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

मग जनी म्हणाली, “कॅप्टन, काकाला पटवलंस कसं गो?”

आता असं विचारल्यावर कोण गप्प बसेल? मी सगळं रंगवून सांगायला लागले. खिंडीच्या वळणावर “रस्ता हाय का चाळण!” म्हणताना मी काकासारखे दोन्ही हात वर फेकले.

टक्.

मोदक धरलेल्या हाताचं एक बोट माझ्या ओढणीत पडलं होतं.

सगळ्या गार. आमच्यात राखीव कुणी नव्हतं आणि चढाईला मीच पुढे असायचे. “खड्डा होता म्हणून सांग,” शकू कुजबुजली. जनी म्हणाली, “दुसऱ्या मूर्तीत मिसळून टाक.” रोह्यापर्यंत मी मनात भाषण तयार केलं, तीन मुद्द्यांचं. फार सुंदर होतं ते.

काकानं टेम्पोचा मागचा फाळका उघडला आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. “काका, माझ्याकडून तुटलं. खड्डा नव्हता. मी हात सोडले.”

“का सोडलेस?”

“तुझी नक्कल करत होते.”

शकू फिस्सकन हसली. काका हसला नाही. “कशी? दाखव.”

मूर्ती जनीकडे देऊन रोह्याच्या भर रस्त्यात मी नक्कल करून दाखवली. काकाच्या मिशा थोड्या हलल्या, पण तो म्हणाला, “शब्द दिलवता तू.”

“व्हय,” मी म्हणाले. सर काहीतरी बोलायला गेले, मीच मान हलवून नको म्हटलं.

काकानं सीटखालून प्लास्टरची पिशवी काढली, वाटीत कालवलं, बोट जागेवर बसवलं. “हे पंधरा मिनिटं धर. जुळलं तर तुटलं नाय म्हणायचं. पण बोलायचं नाय. तू बोललीस की तुझे हात चालतात.”

नऊ पस्तीस झाले होते. पोरी मैदानाकडे पळाल्या. मी फुटपाथवर मांडी घालून बसले, दोन बोटांत बाप्पाचं बोट. एक फुगेवाला गेला, दोन मांजरं भांडली, शकू धावत येऊन “समोरच्या खोपोलीच्या पोरी केवढ्या आडव्या हायत गो!” म्हणून गेली, आणि मी एक शब्द बोलले नाही! माझ्या पोटात शब्दांची नुसती गर्दी झाली होती.

काकानं नखानं बोट टकटक वाजवलं. “जुळलं. पळ!”

हजेरीत माझं नाव शेवटचं लागलं. पहिली चढाई माझी. ओठ उघडले आणि पंधरा मिनिटं कोंडलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं, “कबड्डीकबड्डीकबड्डी” करत. दम संपेचना! एकीला पाय लावला, दुसरीला हात, तिसरीनं घोटा पकडला तरी मी तिला ओढत रेषेवर आणलंच.

मागे वळून पाहिलं तर कुंपणाशी गुणाकाका, दोन्ही हात वर फेकलेले, डोळे वटारलेले. माझी नक्कल अगदी बरोबर होती.