कवड्याचा उजवा खूर

सिद्धगडाखालच्या पाड्यावरून रखमीने आपला दीड वर्षाचा खोंड टेम्पोत घालून मुरबाडच्या जनावरांच्या दवाखान्यात आणला. अंगभर पांढरे ठिपके, म्हणून नाव कवड्या. दहा दिवस तो पुढचा उजवा पाय टेकवत नव्हता.

"दुसरीकडं फोटू काढला, बाय," पिशवीतली एक्स-रेची फिल्म पुढे करत रखमी म्हणाली. "हाड मोडलंय म्हनतात. जोताला चालनार नाय, काढून टाक म्हनाले."

डॉक्टर हर्षालीने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. इथे रुजू होऊन तिला तीनच महिने झाले होते. चित्र हललेलं होतं, पाय तिरपा पडला होता. सांध्याच्या वर हाडात एक काळी रेघ होती खरी. पण तिची नजर खिळली ती खुराच्या वर. तिथे माणसाच्या चार बोटांची हाडं उमटली होती.

"ही बोटं कुणाची?"

"माजीच. पाय धरून ठेव म्हनाले, धरला."

हर्षालीच्या कपाळावर आठी उमटली. "इथं कुणी पाय धरायचा नाही. आपण नव्याने फोटो काढू."

वीस वर्षं दवाखान्यात जनावरं सांभाळलेल्या भगीरथला हे काही पटेना. "मॅडम, धरल्याबिगर ढोर गप राहायचं नाय. मी धरतो. आजवर काय झालं मला?"

"काका, ते किरण हाताला लागतात तेव्हा काहीच कळत नाही, हीच तर भीती. त्याला गुंगीचं इंजेक्शन देते. पाय दोरी आणि वाळू धरतील."

भगीरथने तोंड वाकडं केलं.

आधी तिने त्याला खूर घासायला लावला, कारण चिखलाचा लपकाही फोटोत खोटं काहीतरी दाखवतो. कवड्या अंगणातच गुंगीत आडवा झाला. हर्षालीने खुराखाली लाकडी ठोकळा दिला, पायावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, डावा पाय दोरीने मागे ओढून बांधला. पायामागे फोटोची प्लेट लावली, किरण अडवणारा शिशाचा जड एप्रन चढवला, सगळ्यांना भिंतीपलीकडे पाठवलं आणि लांब वायरचं बटण हातात घेतलं.

तेवढ्यात कवड्याने पाय झटकला. प्लेट सरकली. भगीरथ सवयीने धावलाच.

"मागे व्हा, काका!"

तिने बटणावरचं बोट उचललं होतं. तो जागच्या जागी थांबला. आवाज एवढा चढेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. थोडं औषध वाढवून तिने सगळं पहिल्यापासून मांडलं. एक फोटो बाजूने, एक समोरून. मग सगळ्यांना नवल वाटेल असं ती म्हणाली, "आता चांगल्या पायाचाही."

लॅपटॉपवर दोन्ही पाय शेजारी शेजारी आले. काळी रेघ दोन्हींतही होती, अगदी तीच, त्याच जागी.

"रखमीताई, हाड मोडलेलं नाही! वाढत्या जनावराच्या हाडात ही रेघ असतेच. मोठा झाला की भरून येते."

"मंग लंगडतोय कशापायी?"

हर्षालीने खुराचा भाग मोठा केला. तळव्यात, आतल्या हाडाला टेकता टेकता राहिलेली, सुईसारखी पांढरीशुभ्र रेघ. हललेल्या फोटोत ती पुसून गेली होती.

"तार," भगीरथच आधी बोलला.

किती खोल, कुठल्या बाजूला, हे बाजूच्या आणि समोरच्या फोटोंनी सांगितलं होतंच. खूर कोरायच्या सुरीने तिने नेमकी तिथेच वाट केली. काळपट पू भळकन बाहेर आला आणि चिमट्याच्या टोकाला गंजक्या तारेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. भगीरथने तो तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"मी धरला असता तर ही दिसली नसती," तो हळूच म्हणाला.

जखम धुऊन पट्टी बांधली. तासाभराने कवड्या डोकं हलवत धडपडत उठला. तीन पायांवर उभा राहिला. उजवा पाय हवेतच. मग त्याने खूर खाली सोडला, दचकून उचलला, पुन्हा टेकवला आणि या वेळी त्यावर भार दिला. एक पाऊल. दुसरं.

"चालला गो! माजा कवड्या चालला!" रखमीने त्याच्या गळ्यात हात टाकले. दावं भगीरथच्या हातात होतं, पण कोण कुणाला ओढतंय ते कळत नव्हतं. हिरव्या चाऱ्याच्या वासाने खोंड त्याला थेट फाटकाकडे घेऊन चालला होता आणि भगीरथ मोठ्याने हसत होता.

शिशाला चिरा जाऊ नयेत म्हणून एप्रनची घडी न पाडता तो खुंटीला अडकवताना हर्षालीच्या लक्षात आलं, तीही हसत होती.