कोंडाबाईनं पसंत केलेला डबा

"बाई, खुर्ची हाय की तिथं. फरशीवर कामून बसून राहिल्या?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

ती ऐकायला तयार नव्हती. पाय दुमडून, उजवा तळहात फरशीवर सपाट टेकवून ती माझ्या दुकानाच्या मधोमध बसली. तिच्या नवऱ्यानं गिटारची वायर स्पीकरच्या नव्या डब्यात खुपसली, आवाजाची कळ अर्ध्यावर नेली आणि सगळ्यांत जाड तार एकदाच छेडली. काचेच्या कपाटातले माइक थरथरले. बाई ताडकन उठली, चपलासुद्धा न घालता बाहेर गेली आणि रस्त्याच्या कडेला, भिंतींपासून लांब, उन्हात जाऊन उभी राहिली.

"ह्यो न्हाई जमत, अप्पा," नवरा म्हणाला. "दुसरा दाखवा."

हा तिसरा होता. माझं डोकं फिरलं.

मी गुरुबसप्पा. मूळचा उदगीरचा, पण लातुरात माइक, स्पीकर, ॲम्प्लिफायर विकायला लागून तेव्हा अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो. गिऱ्हाइकाला कान नसतात, डोळे असतात. तो डब्याला हात लावतो, मान मागं करून उंची बघतो आणि विचारतो, "किती वॅटचा?" डब्यावर तीन हजार लिहिलेलं असतं. तो आकडा कुठल्या तरी एका क्षणाचा, तोही कागदावरचा. खरी ताकद शंभराच्या आतबाहेर. हे कारखान्याला माहीत असतं, मला माहीत असतं, आणि गिऱ्हाइकाला माहीत करून घ्यायचं नसतं. आमच्या शहराला आकड्याचंच वेड. पोराला किती पडले, सरांची फी किती, डबा किती वॅटचा. एकदा आकडा मोठा निघाला की आत काय आहे हे कोणी उघडून बघत नाही. असल्या लोकांची कीव करण्यात माझा दिवस बरा जायचा.

हा रविकांत सोनकांबळे मात्र वॅट विचारतच नव्हता. दिवसा तो एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या नळ्या धुवायचा. एप्रिलात जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीबरोबर गावोगाव जायचा आणि उरलेलं वर्ष शेषेरावच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. बेस म्हणजे ते चार जाड तारांचं वाद्य, जे वाजतंय हे लग्नातल्या कोणालाही कळत नाही. गाणारा घामाघूम होतो, ढोलकीवाला टाळ्या घेतो, आणि बेसवाला मागं खांबाला टेकून उभा असतो. असल्या वाद्यावर आयुष्य घालवणाऱ्या माणसाबद्दल माझं मत काय असेल ते सांगायला नको.

"अन् बायकोला कशाला आणलं?" मी म्हटलं. "साडी घ्यायला आला काय?"

"तिनंच पसंत करायचा हाय, अप्पा." तो खालमानेनं म्हणाला. "शेषेरावनी सांगितलंय, रविवारी स्वतःचा डबा घेऊन ये, न्हाई तर येऊ नको. त्यायचा नवा कीबोर्ड आलाय. डाव्या हातानं बेस वाजतो त्यात."

"मग घे की मोठा."

"घरी पन वाजवावं लागतं ना. एकच खोली हाय. डबा लावला की ही भाईर जाती. भर पावसात बी जाती. आठ वर्सं झाली, मी डब्याबिगर वाजवून राहिलो. लाकडाला हनुवटी लावली की हाडातून ऐकू येतं. पन आसं कितीक दिवस? आज डबा मिळाला तर मिळाला. न्हाई तर गिटार इकायची, ठरवूनच आलोत."

आठ वर्षं म्हटल्यावर मी समजलो. म्हणजे पुन्हा किल्लारीचा भूकंप. मला त्या गोष्टींचा वीट आला होता. ज्याच्या भिंतीला नखाएवढी चीर गेली नव्हती तोही सांगायला बसला की तासभर उठत नसे. मी तेव्हा लातुरातच होतो. माझी लोणच्याची एक बरणी फुटली. रविकांत दुकानात आला त्या वर्षी जानेवारीत गुजरात हललं, टीव्हीवर ढिगारे दिसायला लागले, आणि इकडच्या सगळ्या गोष्टी पुन्हा उकरून निघाल्या.

कोंडाबाई आत आली होती. मी काही विचारलं नव्हतं, तरी ती बोलली.

"हलायच्या आधी आवाज आलता, अप्पा. खालून. मी माहेरी गेलते, किल्लारीच्या बाजूला. गनपती बुडवून समदे झोपले व्हते. माय उठून बसली, म्हनली, कोंडे, काय वाजून राहिलं गं? मी म्हनलं, ट्रक आसंल. झोप म्हनलं." तिनं पदरानं तळहात पुसला. "मीच म्हनलं झोप."

मी कपाटावरची धूळ झटकली.

कोपऱ्यात एक छोटा डबा पडून होता. एका शाळेनं प्रार्थनेसाठी नेलेला आणि 'आवाजात दम नाही' म्हणून परत आणून टाकलेला. बेससाठी तर तो कुचकामीच, जाड तारेचा तळ त्याच्या स्पीकरला पेलतच नव्हता. तीन वर्षं मी त्याच्यावर चहाचे कप ठेवत होतो. रविकांतची नजर तिथं गेली.

"त्यो दाखवा."

"आरे, शाळेच्या पोरायनी नाकारलाय त्यो!"

त्यानं एक लोखंडी स्टूल मागून घेतलं. पिशवीतून एक जुनी गोधडी काढली, चार घड्या घालून स्टुलावर ठेवली, वर डबा मांडला. फरशीला डब्याचा स्पर्शच नको, अशी ती तजवीज होती. मग कळ फिरवून खालचा आवाज थोडा कापला. कोंडाबाई बसली. तळहात टेकला. त्यानं जाड तार छेडली, मग दुसरी, मग एक आख्खं गाणं वाजवलं. गाण्यातला फक्त खालचा भाग, गाणं नसलेलं गाणं. मी बाईकडं बघत होतो. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती, पण ती उठली नाही.

"ह्यो ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"रविकांत, ह्याला बेस म्हनत न्हाईत," मी म्हटलं. "मांजर घुरघुरल्यावानी वाजून राहिलाय."

"घुरघुरू द्या, अप्पा. मांजर घरात तर ऱ्हातं."

असल्या माणसाशी काय बोलणार? डबा सायकलच्या कॅरिअरवर बांधून दोघं गेले. बाई मागून डब्याला हात लावून चालत होती. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी हसत होतो.

त्याच संध्याकाळी शेषेराव आला. रविवारी एका मोठ्या क्लासच्या गुणवंतांचा सत्कार होता आणि ऑर्केस्ट्रा त्याचा होता. "दनकाच पायजे, अप्पा. सर म्हनले, पालकांच्या छातीत आवाज बसला पायजे." मी त्याला माणसाच्या छातीएवढा डबा दाखवला. त्यानं तीन हजारांवर बोट फिरवलं, दाद म्हणून मान डोलावली आणि वाजवून न बघताच घेतला.

रविवारी सकाळी मंगल कार्यालयात डबा जोडून द्यायला मीच गेलो. दारात चार पुरुष उंचीचे फलक, त्यावर पोरांचे फोटो, फोटोंपेक्षा मोठे मार्क, आणि मार्कांपेक्षा मोठा शरदचंद्र सरांचा फोटो. जणू पेपर सरांनीच लिहिले होते. वडील मंडळी आणि पाहुणे खुर्च्यांवर, आया पुढं जाजमावर. औसा, निलंगा, उमरग्याकडच्या खेड्यांतून पहाटेच्या एसट्यांनी आलेल्या बाया. पोरांना इथं खोल्या करून ठेवलेल्या, आणि घरून डबे पाठवता पाठवता दोन वर्षं काढलेली. नवी साडी, डोक्यावर पदर, हातात पोराला द्यायची पिशवी.

त्यांच्यातच कोंडाबाई बसली होती. तिचं कोणी पोर इथं शिकत नव्हतं. आठ वर्षांनी पहिल्यांदा ती नवऱ्याचा कार्यक्रम ऐकायला आली होती.

स्टेजमागं शेषेराव रविकांतवर खेकसत होता. "हे काय आनलंस? टिफिन? इज्जत काढतो काय माझी सरासमोर?" त्यानं छोटा डबा पायानंच पडद्याआड सरकवला. "आता येळ न्हाई. कोट घाल, गिटार गळ्यात अडकव अन् नुसता हात हालव. बेस मी डाव्या हातानं वाजवतो."

रविकांतनं माझ्याकडं बघितलं. मी वायरींत काहीतरी शोधायला लागलो.

पहिलं गाणं सुरू झालं. निळ्या कोटातला रविकांत मुकी गिटार वाजवत होता. बोटं मात्र खरी चालत होती, एकही सूर चुकत नव्हता. शेषेरावचा डावा हात पडला आणि स्टेजच्या पोकळ फळ्यांखालून तो आवाज जमिनीत उतरला. माझ्या चपलेतून तो पोटरीपर्यंत चढला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

जाजमावरची एक बाई उठली. मग तिच्या शेजारची. ओरडा नाही, पळापळ नाही. पदर सावरत, वाकून, समोरच्यांना दिसायला अडथळा नको म्हणून चोरट्या पावलांनी त्या एकामागून एक बाहेर निघाल्या. दुसरं गाणं संपेपर्यंत निम्मं जाजम मोकळं झालं. खुर्च्यांवरचे बापही चुळबुळत होते, पण खुर्ची सोडली तर जाईल, म्हणून बसून राहिले.

सरांनी माइक घेतला. "माता-पालकांना नम्र विनंती. भोजन साडेबाराला आहे. आत्तापासून बाहेर गर्दी करू नये. आपल्या पाल्यानं कमावलेली शिस्त आपणही दाखवावी."

खुर्च्यांवर हशा पिकला. सन्मानचिन्ह घ्यायला ओळीत उभ्या असलेल्या पोरापोरींतली एक मुलगी तेवढी हसली नाही. ती दाराकडं बघत होती.

मी बाहेर गेलो. मैदानाच्या मधोमध, इमारतीपासून आणि विजेच्या खांबापासून लांब, पन्नासेक बाया उकिडव्या बसल्या होत्या. जेवणाच्या मांडवाकडं एकीचंही तोंड नव्हतं. बऱ्याच जणींचा हात जमिनीवर होता, तसाच सपाट. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. विचारायची गरजच नव्हती.

कोंडाबाई उठून माझ्याकडं आली. "अप्पा, ह्यायचा डबा कुठाय?"

"पडद्यामागं."

"मग आत कुनाचा वाजून राहिलाय?"

"माझा," मी म्हटलं. हे उत्तर देताना मला माझीच जी शिसारी आली, ती आधी कधी कुठल्या गिऱ्हाइकाचीही आली नव्हती. मी आयुष्यभर ज्यांना बहिरे समजत होतो, त्या या बायांचे कान तळहातात होते.

"त्यो बंद करा," ती म्हणाली. "लेकरायचे हार हायत. ह्या बाया आत येनार न्हाईत."

मी स्टेजमागं गेलो, मोठ्या डब्याची पिन उपटली, फ्यूज काढून खिशात टाकला आणि शेषेरावला म्हटलं, "फ्यूज गेला. दुसरा न्हाई माझ्याकडं." खरं सांगायची मला सवय नव्हती, आणि ऐकायची त्या सरांना. अठरा वर्षं खोटं बोलून आवाज विकला, त्या दिवशी खोटं बोलून तो बंद केला.

"बेसबिगर गानं नुसतं पत्र्यावानी वाजंल की!" शेषेराव कपाळाला हात लावून म्हणाला.

रविकांतनं स्टूल आणलं, गोधडी घातली, डबा वर ठेवला, वायर जोडली. तिसरं गाणं सुरू झालं. मांजर घुरघुरलं.

कोंडाबाई दारातून आत आली. रिकाम्या जाजमावर, अगदी मधोमध बसली आणि तळहात जमिनीला टेकवला. बाया दाराशी जमल्या. त्या गाणं ऐकत नव्हत्या, तिच्याकडं बघत होत्या. कडवं झालं, ती उठली नाही. दुसरं कडवं झालं. मग एक म्हातारी आत आली, तिच्यामागून दोघी, आणि मग जाजम भरलं.

"तांत्रिक अडचण दूर झाली आहे," सर म्हणाले आणि स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या.

हार घातले गेले. ती दाराकडं बघणारी मुलगी आपल्या आईच्या पाया पडली. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला.

शेवटच्या गाण्याआधी शेषेराव मागं वाकून बोलला. मी जवळच होतो म्हणून ऐकलं. "फ्यूज कसा जातो कळतं मला. एवढं वाजव अन् कोट देऊन जा. पुढच्या परोग्रामला येऊ नको."

माझं नाव घ्यायची त्याची छाती नव्हती, डब्याची दुरुस्ती माझ्याकडंच होती. मला बोलता आलं असतं. रविकांतनं 'हाव' म्हणून मान हलवली. मी खिशातला फ्यूज मुठीत धरला.

गाणं संपायच्या आतच जेवणाची घोषणा झाली. खुर्च्या सरकल्या, सगळे बुंदीवर तुटून पडले, सर सर्वांत पुढं. शेषेरावनं कीबोर्डवर कापड टाकलं. गाणारा निघून गेला. रविकांत एकटाच वाजवत राहिला, त्याच्या वाट्याची कडवी अजून उरली होती. त्यानं ती सगळी वाजवली.

छोट्या डब्याचं बटण बंद करायला मी पुढं झालो आणि थांबलो. रिकाम्या हॉलमध्ये कोंडाबाई एकटी बसली होती. नवऱ्याला काय सांगितलं गेलं हे तिला माहीत नव्हतं. ती ऐकत होती, आणि तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.