ब्रेक कोणी धरला?

मित्रांनो, मी एक जुना गार्डाचा डबा आहे आणि मी रागावलेला आहे. आपली गोष्ट सांगताना आधी जन्म सांगायचा, मग पराक्रम, मग म्हातारपण, हे मला ठाऊक आहे. तेही सांगतो. पण आधी एवढं ऐकून ठेवा, की ज्या बाईंनी शंभरावर माणसांचे जीव वाचवले त्यांच्यावरच निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांना घरी बसवलं आहे. जे घडलं ते माझ्या पोटात घडलं. चौकशीत इतरांना विचारलं, मला मात्र विचारलं नाही.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यात झाला. लोहारांनी सांगाडा केला, सुतारांनी सागाच्या फळ्या रंधून बसवल्या. माझ्या भावंडांना बाकं मिळाली, मला चाक मिळालं. परातीएवढं लोखंडी चाक, उभ्या दांड्यावर आडवं बसवलेलं. ते फिरवलं की खाली ब्रेकचे ठोकळे माझ्या चाकांना घट्ट धरतात. हा हातब्रेक. कारखान्यातले म्हातारे फोरमन रंग वाळेपर्यंत माझ्याजवळ बसून होते. जाताना चाकावर थाप मारून म्हणाले, "लोक खिडकीला नावाजतील. तू मनावर घेऊ नकोस."

मला डोंगरावरच्या मार्गावर धाडलं. तिथलं शेवटचं स्टेशन उतारावरच आहे. वर पोचलं की इंजिन सोडायचं आणि शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला आणून जोडायचं. आता, डब्यांचा हवेवरचा ब्रेक इंजिन सुटल्यावर थोड्या वेळात ढिला पडतो. म्हणून नियम असा, की आधी गार्डाने माझा हातब्रेक आवळायचा आणि मग ड्रायव्हरला सांगायचं, "धरला!" तो शब्द ऐकल्याशिवाय इंजिन सोडायचं नाही. पूर्वी गार्ड दारातून ओरडत, पुढे वायरलेस आला, पण शब्द तोच राहिला. चाळीस वर्षं आम्ही लाकूड नेलं, दुधाचे कॅन नेले, शाळामास्तर नेले, बाळंतिणी नेल्या, आणि उतारावर एक डबा कधी वीतभर घसरला नाही.

मग खाली मोठा रस्ता झाला आणि आमची गाडी बंद पडली. नऊ वर्षं मी आडबाजूच्या रुळावर गवतात उभा होतो. त्याबद्दल मी रडगाणं गाणार नाही. गवत निदान शहाणपणा शिकवायला येत नाही.

नऊ वर्षांनी आनंदसफरींची एक कंपनी आली. तिच्या साहेबांना मी टायसाहेब म्हणतो, कारण डोंगरावरच्या वाऱ्यात त्यांचा टाय सारखा त्यांच्याच तोंडावर येऊन आपटायचा. त्यांनी हौशी प्रवाशांसाठी देखाव्यांची गाडी काढली. पहिला डबा राजवाडा, दुसरा जंगल, तिसरा अंतराळ. असे पाच झाले आणि शेवटचा मी, 'दरोडा'. माझ्या पोटात बाकं ठोकली, सागावर जुनाट दिसणारा कागद चिकटवला! मुळातच जुना असलेल्याला जुनं दाखवायला कागद! माझ्या हातब्रेकला सोनेरी रंग दिला, त्यावर तारेने प्लास्टिकचे वेल गुंडाळले आणि वर पाटी लावली, 'आठवणींचं चाक – इथे फोटो काढा'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

बरी गोष्ट एकच झाली. गार्डबाई परत आल्या. मार्ग बंद होण्याआधी सहा वर्षं त्या माझ्याच डब्यात होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझं चाक दोनदा फिरवून पाहिलं, खाली वाकून ठोकळे तपासले आणि स्वतःच्या बाटलीतलं तेल घातलं. इंजिनावर त्यांचा धाकटा दीर ड्रायव्हर होता. ती दोघं कामावरसुद्धा एकमेकांना वहिनी आणि भाऊजी असंच म्हणत.

माझ्या डब्यात रोज नाटक होई. एक चोर पेटी पळवायचा आणि फौजदारणीचं काम करणारी नटी त्याची मानगूट पकडून ओरडायची, "धरला! चोर धरला!" हे सगळ्या डब्यांत ऐकू जावं म्हणून साहेबांनी तिचा माइक गार्डाच्या वायरलेसलाच जोडून दिला होता. म्हणजे तिचा आवाज थेट इंजिनातही जाई.

गार्डबाईंच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. त्यांनी दोनदा लेखी कळवलं, की नाटकाची लाइन वेगळी करा, नाहीतर निदान शब्द तरी बदला. नटी बिचारी लगेच तयार झाली. म्हणाली, "मी 'पकडला' म्हणते ना. मला काय!"

पण साहेब म्हणाले, "'धरला'मध्ये जो दम आहे तो 'पकडला'त नाही. आणि बाई, नाटक तर वर पोचायच्या आधीच संपतं. तुम्ही उगाच टेन्शन घेता."

म्हणे, आधीच संपतं! त्या रविवारी वाटेतल्या तळ्याकाठी फोटो काढण्यात लोकांनी वीस मिनिटं जास्त घालवली, ती भरून काढायला गाडी जोरात वर आली आणि नाटक मागे पडलं. गाडी वरच्या स्टेशनात थांबली तेव्हा चोर अजून पेटी घेऊन पळतच होता. गार्डबाई लगबगीने माझ्या चाकाकडे आल्या. तिथे एक कुटुंब फोटोसाठी चाकाला वेढा घालून उभं.

"बाजूला व्हा, मला ब्रेक लावायचाय," बाई म्हणाल्या.

"एक मिनिट हो. आजोबांचे डोळे मिटलेत. परत काढू द्या."

आणि तेवढ्यात नटीने चोर धरला.

इंजिनात तो शब्द पोचला. ड्रायव्हरने इंजिन सोडायला सांगितलं आणि ते पुढे निघून गेलं. बाईंनी कानाला लावलेल्या वायरलेसवर ओरडून सांगितलं, "भाऊजी, नाही! मी नाही म्हटलं!" पण त्याच लाइनवर आता बंदुकांचे बार आणि ढोल वाजत होते. हवेचा ब्रेक ढिला पडू लागल्याचं मला आधी कळलं. माझी चाकं हलली. उताराच्या बाजूला सगळ्यांच्या पुढे मीच होतो. मागे पाच डबे, समोर वळण आणि वळणापलीकडे पूल.

बाईंनी आजोबांना उचलून बाकावर बसवलं म्हणा, ढकललं म्हणा, आणि चाक धरलं. वेलाची तार त्यांच्या तळव्यांत घुसली. त्यांनी हात काढला नाही. रक्ताने चाक निसटायला लागलं तेव्हा पदरासारखा आपला कोट पुढे ओढून तो चाकाभोवती धरला आणि सगळं अंग टाकून फिरवलं. माझे ठोकळे चाकांवर किंचाळले. इतक्या वर्षांत मी असा कधी ओरडलो नव्हतो. पूल तीस पावलांवर असताना आम्ही थांबलो.

आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काय जबरदस्त सीन!" असं म्हणत एकाने शिट्टी मारली. त्यांना वाटलं, हेही तिकिटातच आहे. बाई खाली बसल्या होत्या, हातातून रक्त गळत होतं, आणि एक गृहस्थ त्यांच्याजवळ उभं राहून फोटो काढून घेत होते. तेव्हापासून माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे, तो अजून थांबलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी माझ्याच डब्यात झाली. साहेबांनी कागद आधीच लिहून आणला होता, की गार्डाने ब्रेक न लावता 'धरला' असा इशारा दिला. बाईंची दोन पत्रं कुठे सापडेनात. नटीने सांगून पाहिलं, "अहो, तो आवाज माझा होता." साहेब म्हणाले, "तुम्हाला विचारलेलं नाही."

मग ड्रायव्हरला विचारलं, आवाज कोणाचा होता. तो खाली बघत होता. आवाज न ओळखता इंजिन सोडलं असं कबूल केलं तर त्याची नोकरी जाणार होती.

"वहिनींचाच होता," तो म्हणाला.

बाईंच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "भाऊजी, बारा वर्षं एका घरात राहतोय आपण. माझा आवाज ओळखू येत नाही तुम्हाला?"

बाईंनी सहीच्या जागी लिहिलं, 'मला हे मान्य नाही', तेसुद्धा पट्टी बांधलेल्या हाताने, वेडंवाकडं. मग डबा ज्यांचा होता त्या बाईंनाच साहेबांनी दार दाखवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी लाकूड आणि लोखंड. माझं तोंड उघडत नाही. उघडलं असतं तर टायसाहेबांना त्यांच्याच टायने खिडकीला बांधलं असतं.

आता मला नवीन गार्ड मिळाला आहे. त्याचा कोट नवा आहे, पितळी बटणं चकचकीत आहेत, मिशी रुबाबदार आहे. तो नट आहे. प्रवाशांना खऱ्या गार्डापेक्षा तोच जास्त आवडतो.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. मला रोज पॉलिश होतं, पुष्कळ होतं. मागतो ते एवढंच. कधी आईवडिलांबरोबर अशा गाडीत बसलात, तर खिडकी पकडायला धावू नका. आधी शेवटच्या डब्यात जा. कोट घातलेल्या माणसाला नमस्कार करा आणि विचारा, "काका, हा ब्रेक आवळायला चाक कुठल्या बाजूला फिरवायचं?" तो हसायला लागला, तर आईचा हात धरा आणि गाडी सुटायच्या आत खाली उतरा.